विष्णु दिगंबरांची लाहोरची शाळा आणि आपले गाव



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि एखाद्या विषयातल्या जाणकाराचे ऐकावे, ही चाल तेव्हापासून महाराष्ट्रात रुळली. या व्यवस्थेत ऐकायला येणाऱ्याकडे कोणी परीक्षा पास झाल्याचा दाखला मागत नाही. ज्याला सवड आहे आणि जिज्ञासा आहे, तो येतो, बसतो, पटले तर घेतो. ज्ञानाच्या बाबतीत हे घडले. गाण्याच्या बाबतीत असेच काही घडवण्याचा मोठा खटाटोप पुढे पंचवीस-सव्वीस वर्षांनी एका मराठी माणसाने केला, आणि तोही महाराष्ट्रापासून फार दूर, लाहोरला जाऊन. त्यांचे नाव विष्णु दिगंबर पलुसकर.

लाहोर १९४७ पासून परदेशात आहे. १९०१ साली ते आपल्याच देशात होते हे खरे. पण कुरुंदवाडच्या माणसाला ते तेव्हाही परमुलखासारखेच होते. भाषा निराळी, लिपी निराळी, हवा निराळी, ओळखीचे कोणी नाही. अशा ठिकाणी जाऊन एका शिक्षकाने गाण्याची शाळा काढली, विद्यार्थ्यांना लोकांपुढे बसवून गायला लावले आणि गाणे हे समाजाचे काम आहे असे लोकांच्या मनावर बिंबवले. हे त्यांनी नेमके कसे केले, त्यात काय टिकले, काय मोडले, आणि त्यातून आपल्या चिंचोटी-कामणच्या पट्ट्याने काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक खुलासा. मी गवई नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर आणि युनियनच्या कचेरीत गेले. रागांतला बारीक भेद मला विचाराल तर मी हात जोडीन. परंतु संस्था कशी उभी राहते, कशावर चालते आणि कशाने बसते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून विष्णु दिगंबरांकडे गायक म्हणून न पाहता संघटक म्हणून पाहण्याचा अधिकार मी घेतो.

त्या काळचा गवई

एकोणिसाव्या शतकात गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे. पाणी भरायचे, बाजारहाट करायची, गुरूचे पाय चेपायचे, आणि मर्जी प्रसन्न झाली की एखादी चीज पदरात पडायची. किती वर्षांत काय शिकवले जाईल, याचा काही करार नसे. विचारण्याची सोय तर नव्हतीच.

यात सगळा दोष गुरूचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये एखादा जुना फिटर मशीनचे सेटिंग आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि ती वही कुलपात घालतो. नवा मुलगा विचारायला आला तर तो विषय बदलतो. कारण त्या वहीवर त्याची नोकरी टिकून असते. ती उघडी झाली की मालकाला त्याची गरज उरणार नाही, अशी त्याला भीती असते. गवयाची चीज ही त्याची कुलपातली वही होती. तो स्वतः कोणा संस्थानिकाच्या किंवा सरदाराच्या मर्जीवर जगत होता. दरबारात मान असे, पण तो मान धन्याने दिलेला. धनी बदलला, खप्पामर्जी झाली, की तो गेला. आणि दरबाराबाहेरच्या पांढरपेशा समाजात ‘गाणे-बजावणे’ हा शब्दच जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. चांगल्या घरातला मुलगा गवयाकडे जातो म्हटले की घरात रडारड होई.

म्हणजे ज्याच्याजवळ विद्या होती तो परावलंबी होता आणि ज्या समाजाला ती हवी होती त्याला ती मागण्याची लाज वाटत होती. ही कोंडी फोडायची होती.

मिरजेहून लाहोरला

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या अपघातात मुलाच्या डोळ्यांना इजा झाली आणि नेहमीचे शालेय शिक्षण खुंटले. आवाज चांगला, कीर्तनामुळे कान तयार. म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकण्यास ठेवण्यात आले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे थोर गुरू. मिरजेच्या अधिपतींचा विष्णूवर लोभ होता. या आश्रयावर त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते.

तसे झाले नाही. एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले आणि त्यांच्या गुरूला आले नाही. कारण विचारता ‘ते काय, गवई आहेत’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले, अशी कथा सांगितली जाते. कथेचे शब्द कसेही असोत, १८९६ साली त्यांनी मिरज सोडली एवढे पक्के. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे करीत ते पंजाबात पोचले. वाटेत त्यांनी दरबारांतून गाणी केली, तशीच तिकीट लावून जाहीर गाणीही केली.

तिकीट ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटते. पण विचार करा. मैफलीत बसायला सरदाराचे निमंत्रण लागत असे; तिकिटाला फक्त पैसे लागतात. काही आण्यांचे तिकीट काढून बसलेल्या कारकुनाला त्या सभागृहात बसण्याचा हक्क मिळाला, मेहरबानी नव्हे. आणि गवयाच्या हातात जे पैसे आले ते एका धन्याचे नव्हते, अनेकांचे होते. आम्ही युनियनमध्ये वर्गणीचा आग्रह धरतो, त्याचे कारण हेच. एका मोठ्या देणगीदाराच्या पैशाला त्याचे मत चिकटलेले असते. शंभर जणांच्या शंभर पावत्यांमुळे संस्था शंभर जणांना जबाबदार राहते.

५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. सुरुवातीला विद्यार्थी येईनात, आणि ते एकटेच तंबोरा घेऊन ठरलेल्या वेळी बसत, अशी आठवण सांगतात. नवी युनियन काढलेल्या कोणाही माणसाला ही आठवण ऐकून हसू येईल आणि डोळ्यांत पाणीही येईल. पहिल्या सभेला सतरंजी आपणच घालायची, आपणच बसायचे आणि वेळ झाली की आपणच उठायचे. पण वेळ चुकवायची नाही. हळूहळू लोकांना कळते की हा माणूस रोज येतो.

हिंदुस्थानातली ही पहिलीच गायनशाळा होती, असे मात्र समजू नये. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यास उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली आणि स्वरलेखनाची पद्धतही बसवली. त्या शाळेला सयाजीराव महाराजांच्या राज्याचा आधार होता. विष्णु दिगंबरांचे वेगळेपण असे की त्यांच्यामागे कोणाचा खजिना नव्हता. फी, लोकांची वर्गणी आणि स्वतःच्या जाहीर गाण्यांची मिळकत, यांवर त्यांनी शाळा उभी केली, तीही जिथे आपला म्हणून कोणी नाही अशा शहरात.

शाळेत नवे काय होते

या शाळेच्या कामाचे चार भाग करता येतील.

पहिला, वेळापत्रक. ठरलेली वेळ, ठरलेला वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्षाअखेर परीक्षा. गुरूची मर्जी या एका गोष्टीवर जे अवलंबून होते, ते घड्याळावर आणि पुस्तकावर आले. ज्याच्या घरी गाण्याची परंपरा नाही अशा मुलालाही आता दार ठोठावता आले. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग चालवले गेले. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

दुसरा, लिहिलेले गाणे. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारखी पुस्तके काढली. कुलपातली वही छापून बाजारात आली, असे म्हणायला हरकत नाही. कागदावरून सगळे गाणे येत नाही, ही जाणकारांची तक्रार रास्त आहे. मशीनचे सेटिंग वहीत वाचून हाताला सफाई येत नाही, हेही तितकेच खरे. पण वही उघडी झाली की निदान कामाला सुरुवात कोठून करावी हे नव्या मुलाला कळते, आणि उस्ताद गेला तर त्याच्याबरोबर सगळेच जात नाही.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: विद्यार्थ्यांचे जाहीर गायन. शिष्य पुरता तयार होईपर्यंत त्याला चारचौघांत गाऊ द्यायचे नाही, ही जुनी शिस्त. विष्णु दिगंबरांनी विद्यार्थ्यांना समारंभांत, सभांत, उत्सवांत गायला बसवले. समूहाने प्रार्थना म्हणायच्या, भजने म्हणायची, राष्ट्रगीते म्हणायची. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते स्वतः ‘वंदे मातरम्’ गात असत. जेथे समाज जमेल तेथे गाणे पोचवायचे, असा हा परिपाठ होता.

याचा फायदा विद्यार्थ्याला होतो, हे उघड आहे. त्याची भीड मोडते. पण ऐकणाऱ्याला होणारा फायदा त्याहून मोठा आहे. कसलेला गवई गातो तेव्हा त्याच्या गाण्यातले सांधे दिसत नाहीत. आपण तोंडात बोट घालतो आणि घरी जाऊन म्हणतो, ही दैवी देणगी आहे, आपले काम नव्हे. शेजारच्या शिंप्याचा मुलगा गायला बसतो तेव्हा सांधे दिसतात. तो समेवर येताना अडखळतो, सावरतो, पुन्हा येतो. आणि ऐकणाऱ्याला प्रथमच उमगते की सम नावाची एक जागा आहे आणि तेथे पोचायचे असते. कुंभाराच्या दुकानातले मडके पाहून मडके कसे होते ते कळत नाही. चाकाजवळ उभे राहिले की कळते. विद्यार्थ्याचे गाणे म्हणजे समाजाला चाकाजवळ उभे करणे होय. त्यातून तानसेन निघतील न निघतील, कानसेन नक्की निघतात; आणि कानसेनांवाचून तानसेन जगत नाही.

चौथा भाग, उपदेशक वर्ग. काही निवडक विद्यार्थ्यांना अनेक वर्षांच्या कराराने ठेवून घ्यायचे, त्यांचे राहणे, जेवण, शिक्षण संस्थेने करायचे, आणि त्यांनी तयार होऊन पुढे संस्थेच्या कामात शिक्षक व्हायचे. गायक घडवणारे गुरू पुष्कळ झाले. गायन शिकवणारे शिक्षक घडवण्याचा कारखाना काढायचा, ही दृष्टी फार थोड्यांची.

या करारापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. फुकट शिक्षणाच्या बदल्यात ठराविक वर्षे चाकरी, हा सौदा कामगार चळवळीतल्या माणसाच्या घशाखाली सहज उतरत नाही. संस्थेजवळ पैसा नव्हता, गुरूने स्वतःसाठी काही राखले नाही, आणि शिष्यांनीही ती वर्षे गुरुसेवा म्हणून घालवली, हे सर्व मान्य. तरीही शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय संस्थेच्या हिशेबात पहिल्या ओळीवर नसली, तर तो बोजा शेवटी कोणाच्या तरी तरुण वयावर पडतो, ही गोष्ट नजरेआड करू नये. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

लिलाव

१९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालयाची शाखा निघाली आणि पुढे तेच कामाचे मुख्य ठिकाण झाले. संस्थेचा छापखाना होता, वाद्ये बनवण्या-दुरुस्तीचे काम होते, विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. स्वतःची इमारत हवी म्हणून कर्ज काढले गेले. कर्ज फेडण्यासाठी विष्णु दिगंबर गावोगाव गाण्याचे दौरे करीत. पण फी थोडी, फुकट शिकणारे पुष्कळ, आणि व्याज तर रात्रीही झोपत नाही. अखेर १९२४ साली, ते दौऱ्यावर असतानाच, सावकारांनी इमारतीसह मालमत्तेचा लिलाव केला.

याच सुमारास ते नाशिकला रामनामाच्या आश्रमात रमले होते. रामभजन हेच त्यांचे शेवटच्या काळातले गाणे झाले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेतून ते निघाले होते त्याच मिरजेत त्यांचे देहावसान झाले. वय एकोणसाठ.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाचा शेवट लिलावात झाला. परंतु आता पुढच्या तारखा क्रमाने पाहा.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे १९१८ पासून साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमात गायन शिकवीत होते. ‘आश्रम भजनावली’ त्यांनी सिद्ध केली, आणि १९३० साली गांधीजी दांडीला निघाले त्या तुकडीत खरे होते. लिलावाच्या दुसऱ्याच वर्षी, १९२५ साली, शिष्य बा. र. देवधर यांनी मुंबईत स्वतःची गायनशाळा काढली. कुमार गंधर्व नावाचा कर्नाटकातला मुलगा पुढे याच शाळेत तयार झाला. १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गावोगावच्या मुलांच्या संगीत परीक्षा हे मंडळ आजही घेते. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत तेच नाव लावून विद्यालय काढले. आणि ओंकारनाथ ठाकूर. गरिबीत वाढलेला हा गुजराती मुलगा. भडोचच्या शापूरजी डुंगाजी या पारशी गृहस्थाने त्याला विष्णु दिगंबरांकडे पोचवले. १९१६ साली, विशीही पुरी झालेली नसताना, गुरूने त्याच्या हाती लाहोरची शाळा सोपवली. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे शिक्षण उभे करण्याचे काम याच ओंकारनाथांनी केले.

सावकाराने लिलावात भिंती नेल्या. शिकवून तयार केलेली माणसे त्याच्या यादीत नव्हती, आणि खरी संस्था त्या माणसांत होती. युनियनच्या कचेरीला कुलूप लागल्याचे प्रसंग आमच्याही वाट्याला येतात. अशा वेळी ज्या युनियनने प्रत्येक खात्यात दोन-दोन जाणते कार्यकर्ते तयार केलेले असतात, ती झाडाखालीही चालते. ज्या युनियनचे सगळे ज्ञान पुढाऱ्याच्या डोक्यात असते, ती पुढारी आजारी पडला तरी बसते.

कोण बाहेर राहिले

थोर माणसाविषयी बोलताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर ते व्याख्यान न राहता आरती होते.

गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी विष्णु दिगंबरांनी जुन्या चिजांतले शृंगारिक शब्द बाजूला सारून भक्तीचे शब्द घातले, वर्गाला प्रार्थनेचे वळण दिले, सारा परिसर सात्त्विक केला. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांची दारे उघडली. पण त्याच वेळी ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती, ते मुसलमान उस्ताद आणि पेशाने गाणाऱ्या स्त्रिया, यांना या नव्या घरात फारशी जागा उरली नाही. मौलाबक्षांसारख्या उस्तादाने आधी वाट पाडून दिली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. प्रतिष्ठा मिळवताना आपण कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा प्रश्न प्रत्येक चांगल्या संस्थेने स्वतःला विचारावा. आमच्या युनियनांनीही कायम कामगारांचे हक्क मिळवताना कंत्राटी कामगाराला फाटकाबाहेर उभे ठेवले होते, हे मी विसरू शकत नाही.

आपले गाव

आता चिंचोटीकडे वळू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर जेथून कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो, ते आपले गाव. पाठीशी तुंगारेश्वरचे डोंगर आणि धबधबा. समोर महामार्गाच्या कडेला गाळे, गोदामे, लहान कारखाने. डोंगराच्या अंगाला वारल्यांचे पाडे. खाली आगरी-कोळी वस्ती, वसईचे ख्रिस्ती शेतकरी, कोकणातून आलेली कुटुंबे, आणि गाळ्यांत काम करणारे उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर.

या वस्तीत कला नाही, असे कोणी म्हणू नये. पाड्यावर तारपा आहे. भोपळा, बांबू आणि मेण यांतून तो वाजवणाराच घडवतो. लग्नात धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यावाचून वारल्यांचे लग्न लागत नाही. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. भजनी मंडळे आहेत, चर्चमधले गायनवृंद आहेत, गाळ्यातल्या मजुरांचा ढोलकीवरचा फगुवा आणि बिरहा आहे. प्रत्येक वस्तीचे गाणे त्या वस्तीच्या कुंपणात आहे. शेजारच्याला ते गोंगाटासारखे ऐकू येते.

वारली चित्राची हकीकत याच पालघर जिल्ह्यातली आहे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे कलावंत डहाणूकडच्या पाड्यांवर गेले, त्यांनी लोकांना कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरचे ते चित्र कागदावर आणि कागदावरून जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. म्हणजे एका माणसाने जाऊन चौकशी केली, साधन दिले, आणि कुंपण ओलांडले गेले. त्या कलेला आज जगात मान आहे. पण ती शिकवण्याची नियमित व्यवस्था आपल्या किती शाळांत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या शाळेत जाऊन विचारावा.

मुलांना सवड कोठे आहे, आईबापांना सवड कोठे आहे, असे मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची चळवळ केली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी केवळ पाठ टेकण्यासाठी मागितलेली नव्हती. देशाचे, समाजाचे काही काम कामगाराच्या हातून व्हावे, ही त्यांची भूमिका होती. पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगारांचे गाणे कामगारांपुढे ठेवले. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आले. त्याच्या नाट्यस्पर्धांनी आणि भजनस्पर्धांनी कितीतरी गिरणी कामगारांना रंगमंचावर आणले. आज गाळ्यांतून बारा-बारा तासांची पाळी चालते, तेथे आठवड्याची सुट्टी पुन्हा मागावी लागते. गाण्याचा प्रश्न आणि कामाच्या तासांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दमून झोपलेल्या बापाला मुलाचे गाणे ऐकू येत नाही.

आता शिक्षकाकडे येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असला पाहिजे. ‘असला पाहिजे’ हे शब्द आपल्या बाजूचे आहेत. ‘अंशकालीन’ हा शब्द आपल्या बाजूचा नाही. अर्धवेळ माणसाला अर्धे मानधन मिळते, आणि अर्ध्या मानधनावर कोणी पुरे आयुष्य शाळेला देत नाही. लाहोरच्या शाळेने तो बोजा शिष्यांच्या तरुण वयावर टाकला, कारण तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. आपल्या समाजाला आज ती सबब सांगता येणार नाही. गाणे शिकवणारा हा कामगार आहे. त्याचे वेतन ही त्या कलेची पहिली अट आहे.

काय करता येईल

विष्णु दिगंबरांच्या कामातून आपल्या आवाक्यातल्या चार गोष्टी निघतात.

एक, ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मुलांचे गाणे, वादन आणि चित्रे. चार मुले आली तरी कार्यक्रम होईल. पाऊस आला तर वर्गात होईल.

दोन, कार्यक्रम विद्यार्थ्यांचा. बाहेरून कलाकार आणून लाऊडस्पीकर लावला की गर्दी जमते, पण ती दुसऱ्या दिवशी पांगते. मुलगा चुकला तरी चालेल. त्याच्या चुकीतून वस्तीचा कान तयार होतो. आणि एका संध्याकाळी तारपा, भजन, फगुवा आणि चर्चमधले गीत एकामागून एक ऐकू आले पाहिजे. लाहोरच्या शाळेत जे बाहेर राहिले, ते आपल्याकडे पहिल्या रांगेत बसावे. तारपा शिकवायला तारपावालाच हवा, आणि त्यालाही शिक्षकाचे मानधन हवे.

तीन, पैसा वर्गणीचा. एका कारखानदाराकडून सगळी वाद्ये घेण्यापेक्षा घरटी दहा-वीस रुपये आणि प्रत्येकाला पावती. इमारतीच्या भानगडीत पडू नये, कर्ज काढू नये. १९२४ सालचा लिलाव आपल्यासाठी होऊन गेला आहे.

चार, मोठ्या मुलांतून दरवर्षी दोघे-तिघे असे निवडावेत, की जे लहानांना शिकवतील. त्यांची नावे वहीत लिहावीत आणि ती वही कुलपात ठेवू नये.

राहिला शाळेतल्या निदेशकाचा प्रश्न. त्यासाठी मोर्चाची गरज नाही. निदान पहिली पायरी मोर्चाची नाही. याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे, आणि तिच्या सभासदांत किमान तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. म्हणजे बहुमत तुमचे आहे. पुष्कळ पालकांना आपण त्या समितीवर आहोत हेही नीट ठाऊक नसते. कोठेतरी सही केलेली असते एवढेच आठवते. तेव्हा पुढच्या सभेच्या आधी मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. सहावी ते आठवीचा पट किती, कला-निदेशक नेमला आहे काय, नसल्यास मागणी कधी पाठवली, हे तीन प्रश्न त्यात घाला आणि पोच घ्यायला विसरू नका. ज्यांना पत्र लिहिण्याचा सराव नसेल, त्यांनी व्याख्यानानंतर मंडपाशेजारी थांबावे. कागद आणि कार्बन मी बरोबर आणले आहेत.